सही कुणाची, मर्जी कुणाची

७ डिसेंबर १९८१ रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात हमरस्त्याच्या कडेनं एक माणूस भटकताना सापडला. चेहऱ्यावर आणि छातीवर माराच्या खुणा, रक्त, भान हरपलेलं. त्याला मानसिक आरोग्य केंद्रात नेलं तेव्हा आपण स्वर्गात पोचलो आहोत अशी त्याची समजूत होती. तिथं त्याच्यापुढे दाखल होण्याचे अर्ज ठेवले गेले आणि त्यानं सह्या केल्या. तीन दिवसांनी त्याला सरकारी मनोरुग्णालयात हलवलं. तिथंही सह्या झाल्या आणि पुढचे पाच महिने तो आत राहिला. सक्तीनं दाखल केलं असतं तर रीतसर सुनावणी झाली असती. पण मामला स्वखुशीचा, मग सुनावणी कशाची? 'झिनरमन विरुद्ध बर्च' या नावानं प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९० मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयानं त्याला रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांवर दावा लावण्याची मुभा दिली.

मनोरुग्णालयात शिरायला कायद्यानं बहुतेक देशांत दोन दारं ठेवली आहेत, एक स्वेच्छेचं आणि एक सक्तीचं. कोण कुठल्या दारानं आत आला हे नोंदवहीत पाहिलं की कळतं, असं बराच काळ सगळे धरून चालले होते. १९७१ मध्ये गिलबॉय आणि श्मिट या दोघांनी एका लेखात दाखवून दिलं, की 'स्वेच्छेनं' आलेल्यांतल्या कितीतरी जणांना पोलिसांनी आणलेलं असतं आणि 'सही कर, नाहीतर कोर्टात नेऊ' एवढीच निवड त्यांच्यापुढे असते. तरीही पुढची दीडेक दशकं वाद रंगला तो वकील आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्यात. वकील म्हणत, ही तुरुंगाचीच दुसरी तऱ्हा. डॉक्टर म्हणत, आजारानंच ज्याचं स्वातंत्र्य हिरावलं त्याला उपचार देणं म्हणजे ते परत करणं. ज्याच्यावरून हा सगळा कज्जा, त्याला पद्धतशीरपणे कुणी विचारलंच नव्हतं.

ते काम १९८८ पासून मॅकआर्थर फाउंडेशनच्या पैशावर उभ्या राहिलेल्या एका संशोधकगटानं हाती घेतलं. जॉन मोनाहन हे कायद्याचे प्राध्यापक त्याचे प्रमुख. चार्ल्स लिड्झ, विल्यम गार्डनर, स्टीव्हन होग, नॅन्सी बेनेट, एडवर्ड मल्वी, लॉरेन रॉथ ही मंडळी बरोबर होती. व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांत, माणूस दाखल झाल्यापासून दोन दिवसांच्या आत, ते त्याच्याजवळ जाऊन बसत. १९९३ मध्ये गार्डनर आणि सहकाऱ्यांनी या मुलाखतींतून बेतलेली मोजपट्टी प्रसिद्ध केली. एक लांब मुलाखत आणि एक पंधरा-सोळा वाक्यांची छोटी प्रश्नावली, अशी ती दोन रूपांत आहे. आज जगभर या विषयावर जे काही लिहिलं जातं, त्यातलं बहुतेक या प्रश्नावलीच्या आधारानं किंवा तिच्याशी भांडून लिहिलेलं असतं.

तिच्या गाभ्यात फक्त पाच गोष्टी आहेत. इथं यायचं की नाही याबाबत मला हवं ते करायची मोकळीक होती का? यायचं मी ठरवलं का? यायची कल्पना माझी होती का? निर्णय माझ्या हातात होता का? आणि इतरांपेक्षा माझ्या म्हणण्याला जास्त वजन होतं का? उत्तर हो किंवा नाही. पाचही 'नाही' आली, तर जाणवलेली सक्ती पुरेपूर. बाकीची वाक्यं दोन गोष्टींचा माग काढतात. तुमच्यावर कुणी दबाव आणला का, धमकी दिली का, अंगाला हात लावला का, हा एक भाग. तुम्हाला बोलायची संधी मिळाली का, तुमचं मत कुणाला हवं होतं का, हा दुसरा.

यातली मोठी उडी कुठे आहे ते सहज लक्षात येत नाही. संशोधकांनी 'सक्ती झाली का' हा प्रश्न न्यायालयाकडून काढून रुग्णाच्या हातात दिला. यावर पहिला आक्षेप अर्थातच हा, की ज्याचं वास्तवाचं भान सुटलं आहे त्याच्या सांगण्यावर विसंबायचं कसं? लिड्झ यांच्या गटानं तो आक्षेप टोलवला नाही, तपासला. एकाच दाखल होण्याबद्दल रुग्ण, नातेवाईक आणि दाखल करून घेणारे डॉक्टर या तिघांच्या हकिकती घेतल्या, कागदपत्रं पाहिली आणि काय घडलं असावं याचा सर्वांत पटणारा वृत्तान्त जुळवला. मन वळवणं, आमिष, धमकी, हुकूम, फसवणूक, बळाचं प्रदर्शन, प्रत्यक्ष बळ अशा वागण्यांची त्यात वेगवेगळी नोंद होती. रुग्णांच्या हकिकती या ताळ्यावर इतरांच्या हकिकतींइतक्याच टिकल्या. आपल्याकडच्या वॉर्डात रुग्ण काही सांगू लागला की 'तो तसंच बोलतो, आजारच आहे त्याचा' म्हणून जे उडवून लावलं जातं, त्यावर हे जुनं काम अजूनही चांगलं उत्तर आहे.

निष्कर्षांतला पहिला साधा होता: नोंदवहीतला रकाना आणि माणसाचा अनुभव यांची सांगड ढिली आहे. स्वेच्छेनं आलेल्यांत साधारण दहात एकाला आपल्यावर सक्ती झाली असं वाटत होतं. उलट सक्तीनं आणलेल्यांपैकी जवळपास एकतृतीयांश लोकांना तसं वाटत नव्हतं. पुढे युरोपात हे प्रमाण आणखी वर गेलं. लंडनमध्ये कात्साकू आणि प्रीब यांच्या २०११ च्या अभ्यासात स्वेच्छेनं दाखल झालेल्यांतले ३४ टक्के लोक आपल्याला भाग पाडलं गेलं असं सांगत होते. डब्लिनमध्ये ओ'डोनोह्यू यांच्या गटाला २०१४ मध्ये असं आढळलं, की स्वेच्छेच्या रुग्णांपैकी २२ टक्क्यांचे गुण सक्तीनं दाखल केलेल्यांच्या बरोबरीचे आहेत.

दुसरा निष्कर्ष मला सगळ्यात मोलाचा वाटतो. दबाव सगळे सारखे नसतात. समजावणं, गळ घालणं, 'मी रोज भेटायला येईन' असं आश्वासन देणं, यांनी सक्तीची जाणीव वाढत नाही. धमकीनं आणि बळानं ती वाढते, यात नवल नाही. पण त्यांच्याइतकाच प्रभाव होता तो ज्याला हे संशोधक प्रक्रियेतला न्याय म्हणतात त्याचा: माझं ऐकून घेतलं का, मला मान दिला का, माझ्याशी खरं बोलले का, माझ्या भल्यासाठी हे चाललंय असं त्यांच्या वागण्यातून दिसलं का. ही कल्पना मुळात कोर्टकचेऱ्यांच्या अभ्यासातली. टॉम टायलर आणि इतरांनी दाखवलं होतं, की खटला हरलेला माणूससुद्धा आपली बाजू नीट ऐकली गेली असेल तर निकाल मानतो. मनोरुग्णालयाच्या दाराशी तेच दिसलं. निर्णय विरुद्ध गेला तरी चालेल, पण मला वगळून नको, असं त्या बिछान्यावरच्या माणसाचं म्हणणं होतं.

तिसरा निष्कर्ष डॉक्टरांना आणि नातेवाइकांना रुचणारा नाही. १९७५ मध्ये हार्वर्डचे अॅलन स्टोन यांनी एक युक्तिवाद मांडला होता: आज ज्याच्यावर जबरदस्ती केली तो बरा झाल्यावर आभार मानेल, आणि तेच त्या जबरदस्तीचं समर्थन. घरोघरी हेच बोललं जातं, 'आत्ता शिव्या घालेल, नंतर पाया पडेल.' गार्डनर यांनी १९९९ मध्ये याची परीक्षा घेतली. दाखल होताना 'मला रुग्णालयाची गरज नाही' म्हणणाऱ्यांना काही आठवड्यांनी पुन्हा विचारलं, तर ५२ टक्के म्हणाले, गरज होती. स्टोन इथवर बरोबर ठरले. पण त्याच लोकांची सक्तीची जाणीव तसूभरही कमी झाली नव्हती आणि कृतज्ञता कुठे दिसत नव्हती. गरज होती हे पटणं वेगळं आणि ज्या तऱ्हेनं आणलं ते पोटात घालणं वेगळं.

आता मोजपट्टीकडे जरा तिरक्या नजरेनं पाहू. 'यायची कल्पना माझी होती' या वाक्यावर माझा फार विश्वास नाही. अपेंडिक्स काढायला गेलेल्या कुणाला विचारलं तर कल्पना त्याची नसते, डॉक्टरची असते; पोटात कळ आल्यावर मोकळीकही नसते. म्हणून त्याच्यावर सक्ती झाली असं आपण म्हणत नाही. म्हणजे या पाच प्रश्नांत आजारपणाची लाचारी आणि माणसांनी केलेली जबरदस्ती थोड्या मिसळल्या आहेत. दुसरीकडे, फ्लोरिडातला तो माणूस. त्याला त्या दिवशी ही प्रश्नावली दिली असती तर काय सांगावं, त्यानं स्वर्गात यायला कुणाची जबरदस्ती असते का म्हणून शून्य गुण मिळवले असते. सही, संमती देण्याची क्षमता आणि सक्तीची जाणीव या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. मोजपट्टी फक्त तिसरीला लागते. ती वापरून पहिल्या दोहोंवर निकाल देणारे लेख मात्र अधूनमधून दिसतात.

विचारणारा कोण, हाही प्रश्न आहेच. घरी सोडायचं की नाही हे ज्याच्या शब्दावर ठरतं, त्याच पांढऱ्या कोटातल्या माणसानं येऊन 'तुम्हाला इथं जबरदस्तीनं आणलं का हो?' असं विचारलं तर शहाणा माणूस 'नाही' म्हणेल. शिवाय अभ्यासात यायलाही संमती लागते. जे सर्वांत बिथरलेले, ज्यांना बांधून आणलं, ज्यांना आल्याआल्या इंजेक्शन दिलं, ते बहुधा नकार देतात किंवा 'मुलाखतीस अयोग्य' ठरतात. त्यामुळे हाती आलेले आकडे असतील त्यापेक्षा सौम्यच निघतात.

उत्तर युरोपातल्या संशोधकांनी प्रश्नावलीच्या जोडीला एक शिडी आणली. नॉर्वेच्या गेऑर्ग ह्योयर यांच्यासह नॉर्डिक देशांतल्या गटानं दहा पायऱ्यांचं चित्र रुग्णापुढे ठेवलं: खालच्या पायरीवर किमान सक्ती, वरच्या पायरीवर कमाल, तुम्ही कुठे ते दाखवा. वाक्यांचा कीस नाही, 'कल्पना कुणाची' हा घोळ नाही. किंमत अशी, की बोट सातव्या पायरीवर का ठेवलं ते कळत नाही. पुढे जर्मनीत बेर्क, फ्लामर आणि श्टाइनर्ट यांनी २०१० मध्ये बांधून ठेवणं आणि कोंडणं यांच्या अनुभवासाठी वेगळी मापनपद्धत केली. युनोमिया नावाच्या मोठ्या प्रकल्पानं दहाएक युरोपीय देशांत आणि इस्रायलमध्ये सक्तीचं चित्र शेजारी शेजारी मांडून पाहिलं, तेव्हा देशादेशांत केवढी तफावत आहे ते कळलं. दरम्यान २००८ मध्ये श्मुक्लर आणि अॅपलबॉम यांनी दबावांची चढती भाजणी लावून दिली: मन वळवणं, नात्याचा भार टाकणं, आमिष, धमकी, आणि शेवटी कायद्याचं बळ. नात्याचा भार हा प्रकार त्यांनी दुसऱ्या पायरीवर ठेवला. हे दोघे लंडन आणि न्यूयॉर्कचे. कोल्हापूर किंवा कणकवलीत बसून भाजणी लावली असती तर ती पायरी बरीच रुंद आणि बरीच वर गेली असती, असं मला राहून राहून वाटतं.

या जाणिवेचा पुढे काय परिणाम होतो, यावर पुरावा गोंधळात टाकणारा आहे. सक्ती जाणवलेला माणूस नंतर उपचार सोडतो, ही गोष्ट इतकी पटण्यासारखी आहे की ती खरी असणारच असं धरलं जातं. पण लंडनमधल्या बिंडमन यांच्या २००५ च्या अभ्यासात तसा संबंध सापडला नाही. शीहान आणि बर्न्स यांना २०११ मध्ये एवढंच आढळलं, की दाखल करणाऱ्या डॉक्टरशी नातं वाईट असेल तर सक्ती जास्त जाणवते. आधी काय आणि नंतर काय हे त्यातून उलगडत नाही. मला वाटतं, ही जाणीव कमी करण्यासाठी 'त्यामुळे गोळ्या नीट घेतल्या जातील' असल्या फायद्याची गरज लागू नये.

भारतात या मोजपट्ट्या उशिरा आल्या, त्याही मुख्यतः कर्नाटकातून. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत गुरू गौडा, सुरेश बडा मठ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना ही शिडी आणि प्रश्नावली दाखवली. दाखल होताना सक्तीची जाणीव बरीच, घरी जाताना उतरलेली, असं त्यांना दिसलं. हे अमेरिकेतल्या निष्कर्षाच्या उलट आहे. निम्हान्सच्या वॉर्डात रुग्णाबरोबर घरचं माणूस राहतं, त्यानं फरक पडत असेल का? की मुलाखतीच्या वेळी तेच माणूस शेजारी बसलेलं असतं, त्यानं? मैसुरूमध्ये रवीश आणि सहकाऱ्यांनी कर्मचारी आणि नातेवाईक यांची मतं ताडून पाहिली, तेव्हा दोघंही सक्तीकडे बऱ्याच अंशी सुरक्षेचा आणि काळजीचा भाग म्हणून पाहताना आढळले.

इथं अमेरिकन प्रश्नावली अडखळते. तिच्या मनात एक एकटा माणूस आहे, त्याच्यासमोर राज्यसंस्था आहे, पोलीस आहे, न्यायाधीश आहे. आपल्याकडे रुग्णाला आणतात ते भाऊ, मामा, शेजारचे दोघे आणि ओळखीचा रिक्षावाला. 'जरा बीपी तपासून येऊ', 'नोकरीसाठी मेडिकल करायचंय', 'देवीला जाऊन येऊ' असं सांगून आणतात. त्याआधी काही महिने चहातून किंवा आमटीतून गोळी दिलेली असते. हे सारं करणारे लोक क्रूर नसतात. ते थकलेले असतात, घाबरलेले असतात, आणि दुसरा मार्ग त्यांना कुणी दाखवलेला नसतो. पण छोट्या प्रश्नावलीतल्या दबावाच्या वाक्यांत धमकी आहे, धक्काबुक्की आहे, फसवून आणणं नाही. आपल्याकडच्या अनुभवाचा सर्वांत मोठा तुकडा त्या गाळणीतून खाली पडतो. वर 'माझ्याशी खरं बोलले का' यावर जाणीव अवलंबून असते, हे तर याच गटानं दाखवलेलं.

कायदा बदलला आहे. १९८७ च्या कायद्यात नातेवाइकाच्या अर्जावर आणि दोन वैद्यकीय दाखल्यांवर माणसाला ९० दिवसांपर्यंत ठेवता येत असे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. पुण्याचे डॉ. सौमित्र पाठारे हे त्याच्या घडणीतलं एक महत्त्वाचं नाव. कलम ८६ खाली माणूस स्वतःहून दाखल होतो. कलम ८९ खाली त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर, जास्तीत जास्त ३० दिवस. हे सात दिवसांत, बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीन दिवसांत, पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. कलम ९७ नं कोंडून ठेवायला मनाई केली. आपण आजारी पडल्यास कसं वागवावं आणि कसं वागवू नये हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क कलम ५ नं दिला. अशा आगाऊ लेखी इच्छांचा उपयोग होतो याला आधारही आहे: २०१६ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात त्यांमुळे सक्तीनं दाखल करण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. त्या विश्लेषणातल्या इतर कुठल्याही उपायाच्या वाट्याला असं यश आलं नाही.

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार सरकारी मनोरुग्णालयं आहेत. ती सगळी कायद्यापेक्षा कितीतरी जुनी. पुनर्विलोकन मंडळं कागदावरून उतरून कामाला लागावीत म्हणून डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका लावावी लागली. त्या सुनावण्यांत चर्चा झाली ती मुख्यतः आत येण्याची नव्हे, बाहेर न पडता येण्याची: बरे झालेले, घरी पाठवण्याजोगे, पण न्यायला कुणी येत नाही असे लोक. अमेरिकेतली प्रश्नावली दाराशीच थांबते, कारण तिथं सरासरी मुक्काम थोड्या दिवसांचा. दहा वर्षं आत काढलेल्या बाईला 'इथं यायची कल्पना कुणाची होती?' हा प्रश्न विचारून काय कळणार? आता राहण्यात तुमची मर्जी आहे का, आणि जायचं म्हटलं तर कुणी वाट अडवतं का, की फक्त जायला जागाच नाही, असे प्रश्न तिथं लागतील. ते अजून कुणी नीट घडवलेले नाहीत.

पुण्यात बापू ट्रस्ट उभारणाऱ्या भार्गवी दावर या नव्या कायद्याच्याही टीकाकार होत्या. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्क कराराचा आधार घेऊन त्यांचं म्हणणं असं, की मानसिक आजाराच्या नावाखाली सक्तीनं उपचार करण्याची तरतूद कायद्यात असूच नये. आधार वस्तीत, शेजारात उभा करावा. भारतानं तो करार २००७ मध्ये मान्य केला आहे, त्यामुळे हा निव्वळ चळवळीचा हट्ट म्हणून बाजूला सारता येत नाही. या बाजूनं पाहिलं तर सक्तीची जाणीव मोजण्याच्या सगळ्या उद्योगावरच शंका येते. मान द्या, ऐकून घ्या, खरं बोला म्हणजे सक्ती कमी जाणवते, हे खरं. पण मग हेच सक्ती पचवायला लावायचं तंत्र होऊन बसेल. गुण खाली आले, दार मात्र बंदच. लिड्झ आणि मोनाहन यांनाही हा धोका दिसत नसेल असं नाही. तरी मला दावर यांची शंका पूर्ण पटते आणि त्यांचा उपाय आज पूर्ण पटत नाही. मध्यरात्री विळा घेऊन अंगणात उभ्या राहिलेल्या मुलाच्या आईला वस्तीतला आधार उद्या सकाळी मिळणार असेल, तर आजच्या रात्रीचं काय, याचं उत्तर कुणाकडे नाही. त्या रात्री मुलाला न्यावंच लागलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला 'बीपी तपासायला आणलं' असं न सांगता काय घडलं ते सांगावं, आणि त्याचं म्हणणं पुनर्विलोकन मंडळाकडे जाणाऱ्या कागदावर त्याच्या शब्दांत उतरवावं. आज त्या कागदावर डॉक्टरांचं निदान, प्रतिनिधीचा अर्ज आणि दोन तपासण्या असतात.